हरणांचें शेत

रानांतल्या पशूंसाठीं कोणी शेत करतें काय, असें आमचे बालवाचक विचारतील. अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया, अलाबामा आदि संस्थानांत पुष्कळ जमीनमालक रानालगत हरणांकरितां चाऱ्याचें लहानसें शेत राखतात. कोणी प्रेमानें, कोणी शिकारीच्या हेतूनें. तो वाद येथें नको. पण जमीन बहुधा कापसानें झिजलेली, पावसानें सत्त्व वाहून जाऊन आंबट झालेली. तींत एकदम चारा पेरला तर तो पिवळा पडतो. यास्तव पहिलें वर्ष हरणांचें नव्हे, मातीचें मानावें लागतें.

प्रथम माती तपासून चुनखडीची पूड मिसळतात. ती मुरण्यास कित्येक महिने लागतात. घाईचा माणूस येथेंच फसतो. मग उन्हाळ्यांत पेरतात तो आपला ताग! दख्खनच्या शेतकऱ्यानें पिढ्यान्‌पिढ्या हिरव्या खतासाठीं गाडलेलें हेंच झाड. त्याच्या मुळांवरील गांठींत राहणारे जंतु हवेंतील नत्र धरून ठेवतात. तिकडील मातींत ते नसल्यास बियांस चोळावे लागतात. चांगलें साधल्यास ६० ते ९० दिवसांत एकरीं १०० पौंडांहून अधिक नत्र मिळतें. चवळीही पेरतात, परंतु शेत लहान असेल तर हरणें ती कोवळीच खुडून टाकतात.

खोड निबर होण्यापूर्वीं तागावर रूळ फिरवून तो आडवा पाडतात. त्या आच्छादनाखालीं ओल टिकते, आणि शरदांत तेथेंच राय व क्लोव्हर हा हिंवाळ्याचा चारा पेरतात. नवल असें कीं, तिकडे बहुतेक ठिकाणीं तागाचें बीं पिकत नाहीं. दिवस लहान होऊं लागल्यावर तो फुलतो, आणि इतक्यांत पीक करपविणारें हिंव पडतें. त्यामुळें बीं दरवर्षीं विकतच आणावें लागतें.