गंगातीरापर्यंतचा सारथी

रामजन्माचा पाळणा हलला, सुंठवडा वाटून झाला, की वडीलधाऱ्यांच्या मुखी रविवारच्या त्या जुन्या सकाळींची आठवण हटकून येते. दिनांक २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली. कित्येक घरी संचाला हार घालून, उदबत्ती लावून मंडळी भक्तिभावाने बसत. पडद्यावरील राम-सीता घरोघरी पोहोचली. परंतु ही कथा दूरचित्रवाणीवर यावी असे ज्यांनी मनी धरले, ते सनदी अधिकारी एस. एस. गिल मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाहीत.

गिल यांचा सेवाकाल मोठा विविध होता. मंडल आयोगाचे ते सचिव होते. दिल्लीत १९८२ साली भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या आयोजनाची धुराही त्यांनी वाहिली. त्यानंतर ते माहिती व नभोवाणी मंत्रालयाचे सचिव झाले. मेक्सिकोतील बोधप्रद कौटुंबिक मालिकांचा प्रयोग वसंत साठे यांच्या पाहण्यात आला होता. त्याच धर्तीवर मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ‘हम लोग’ ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली आणि १५६ भाग चालली. एका सामान्य कुटुंबाची सुखदुःखे सारा देश आपली मानतो, हे त्यातून सिद्ध झाले.

मग ज्या कुटुंबाची कथा हा देश शतकानुशतके ऐकत आला, तिला या माध्यमात स्थान का नसावे? गिल यांनी १९८५ मध्ये सागर यांच्याकडे हा विषय मांडला. सरकारी माध्यमाने धार्मिक कथा दाखवावी काय, हा आक्षेप तेव्हाही होता आणि पुढेही विचारी लोकांनी तो घेतला. गिल यांची दृष्टी मात्र कथेतील नैतिक व सामाजिक मूल्यांवर होती.

मालिका पडद्यावर आली तेव्हा गिल त्या पदावर नव्हते. ५२ भागांची योजना ७८ भागांपर्यंत वाढली. ३१ जुलै १९८८ रोजी ती संपली आणि २ ऑक्टोबरपासून बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ सुरू झाले. पेरणी एकाची, सुगी दुसऱ्यांची!

दूरदर्शन व आकाशवाणी यांना स्वायत्तता देणारा प्रसार भारती कायदा १९९० मध्ये संमत झाला. तो अमलात यावयास १९९७ उजाडले. त्या महामंडळाचे पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून गिल यांचीच निवड झाली. परंतु पुढल्याच वर्षी, वयोमर्यादेच्या अटीवरून, तेही पद गेले. प्रपंच मांडावा आणि उठून जावे, हाच जणू त्यांच्या वाट्याचा योग.

अयोध्येचा मंत्री सुमंत्र रामाचा रथ गंगेच्या तीरापर्यंत घेऊन गेला आणि रिकाम्या रथानिशी परतला. पुढील वाट रामाची होती. सुमंत्राच्या वाट्याला परतीचा मार्ग आला. म्हणून त्याचे सारथ्य उणे ठरत नाही. टाळेबंदीच्या दिवसांत, २८ मार्च २०२० पासून, ‘रामायण’ पुन्हा दाखविले गेले, तेव्हा नातवंडांच्या शेजारी बसून आजी-आजोबांनी ते नव्याने पाहिले. फळाची आस न धरता आपल्या टप्प्यापुरते काम चोख करणे, हीही एक रामसेवाच नव्हे काय?