ग्रंथपालाचा पगार आणि आपण



ऊस गाळपाला गेला की चौदा दिवसांत बिल मिळाले पाहिजे, असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. पंधराव्या दिवशी गट ऑफिसात आवाज चढतो, आणि तो चढलाच पाहिजे. घामाचा पैसा आहे. पण आपल्याच गावात वाचनालयाच्या खोलीत बसून आपल्या पोराबाळांना पुस्तके देणारा एक माणूस असतो. त्याचा पगार सरकारी अनुदानाच्या हप्त्यावर चालतो. हप्ता आला तर पगार, नाही तर वाट बघा. या अंकात त्याच्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्ही ठरवले आहे.

वाचनालय ही आपल्या भागाला नवी गोष्ट नव्हे. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे. ग्रंथालयांचा कायदा देशात पहिल्यांदा केला तोही कोल्हापूर संस्थानाने, १९४५ साली. पुढे महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ मध्ये झाला व १ मे १९६८ पासून अमलात आला. या कायद्याने गावोगावची वाचनालये सरकारची झाली नाहीत. ती संस्थांचीच राहिली. सरकार त्यांना मान्यता देते, अ, ब, क, ड असे वर्ग पाडते आणि वर्गाप्रमाणे अनुदान देते. खेड्यातली बहुतेक वाचनालये शेवटच्या वर्गांत मोडतात.

आता हिशेब पाहू. २०२२ पूर्वी ड वर्गाच्या वाचनालयाला वर्षाकाठी जास्तीत जास्त ३० हजार रुपये मिळत. त्या वर्षी शासनाने अनुदानात ६० टक्के वाढ केली. म्हणजे झाले ४८ हजार. यातूनच पुस्तके, वर्तमानपत्रे, वीजबिल आणि पगार. निम्मी रक्कम पगाराला धरली तर वर्षाचे २४ हजार, महिन्याचे २ हजार! आपल्या शिवारात खुरपणीची हजेरी काय चालली आहे ती ज्याची त्याने आठवावी आणि हे २ हजार किती दिवसांत संपतात ते बोटांवर मोजावे.

बरे, काम तरी सोपे आहे का? आलेले प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढवायचे, त्याला विषयाप्रमाणे क्रमांक द्यायचा, देवघेव लिहायची, हरवलेल्याचा तगादा लावायचा, वाळवी-उंदरांपासून कपाटे सांभाळायची. वर्षअखेरीस अहवाल व हिशेब तपासून पाठवायचा, कारण तो गेला नाही तर पुढचे अनुदान अडते. ड वर्गात हे सारे एकटा ग्रंथपालच करतो. झाडलोटही त्याच्याच वाट्याला.

या विद्येचे रीतसर शिक्षण आहे. सुरुवातीला ग्रंथालय प्रमाणपत्र परीक्षा, पुढे विद्यापीठाची ग्रंथालयशास्त्राची पदवी व पदव्युत्तर पदवी. महाविद्यालयात ग्रंथपाल व्हायचे तर नेट किंवा सेट लागते; तिथे प्राध्यापकांसारखी वेतनश्रेणी आहे. शासकीय जिल्हा ग्रंथालयात सरकारी पगार आहे. जुन्या कागदांची आवड असलेल्याने मोडी शिकावी; कोल्हापूर, पुण्याच्या पुराभिलेखागारांत मोडी दप्तरांचे ढीग आहेत. पण या जागा मोजक्या. हेच शिक्षण घेऊन जो गावच्या वाचनालयात बसतो, त्याला ना वेतनश्रेणी, ना निवृत्तिवेतन. व्यंकप्पा पत्की समितीच्या शिफारशी लागू करा, अशी मागणी ग्रंथालय कर्मचारी वर्षानुवर्षे करीत आले आहेत.

कोणी म्हणेल, मोबाईल आला, आता पुस्तके कोण वाचतो? आम्ही म्हणतो, स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या पोरापोरींना विचारा. एका परीक्षेच्या पुस्तकांचा संच घ्यायला किती पैसे पडतात आणि दोन खोल्यांच्या घरात अभ्यासाला शांत जागा कुठे मिळते, ते पोरेच सांगतील. वाचनालयाला कुलूप लागले तर शहरात खोली घेण्याची ऐपत असलेल्याचे काही अडत नाही. अडते ते अल्पभूधारकाच्या लेकराचे.

सरकारकडे मागणे मागायचेच. तामिळनाडू, कर्नाटक, केरळ या राज्यांत मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आहे; आपल्या कायद्यात तो नाही. पण सगळा भार सरकारवर टाकून आपण मोकळे होऊ नये. सयाजीराव महाराजांनी १९१० नंतर बडोदे संस्थानात गावोगाव ग्रंथालये उभी केली, तेव्हा रीत अशी होती की एक वाटा लोकांचा, एक स्थानिक संस्थांचा आणि एक सरकारचा. सहकार म्हणजे तरी दुसरे काय?

गावातल्या दोनशे कुटुंबांनी महिन्याला फक्त दहा रुपये वर्गणी दिली, तर महिन्याचे २ हजार होतात. म्हणजे ग्रंथपालाचा पगार एका झटक्यात दुप्पट! पावती घ्या, वार्षिक सभेला हजर राहा, पगार किती व कधी दिला ते विचारा. ग्रामसभेत वाचनालयाच्या वीजबिलाचा विषय मांडा. १२ ऑगस्ट हा डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिवस, तो देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी हार-नारळ द्याच, पण आधी थकलेला पगार द्या.

आपल्या बिलासाठी आपण चौदा दिवस मोजतो. त्याच्यासाठी निदान महिने तरी मोजू या.