गिरगावात घर असणं: टेकू, पागडी आणि टॉवर

गिरगावकराला त्याच्या भागाबद्दल विचारलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘खाली उतरलं की सगळं मिळतं.’ त्यात अतिशयोक्ती नाही. चर्नी रोड स्टेशन चालत, चौपाटी चालत, भुलेश्वरचा बाजारही चालत. विनय हेल्थ होमची मिसळ हाकेच्या अंतरावर, नाटकाला साहित्य संघ आणि प्रार्थना समाजाच्या नाक्यावर मोठं इस्पितळ. ऑक्टोबर २०२५मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धावू लागली आणि गिरगावला स्वतःचं स्टेशनही मिळालं.

अडचण आहे ती पुन्हा वर चढण्याची.

जुन्या चाळीचा लाकडी जिना मधोमध झिजलेला असतो. वर लांबलचक गॅलरी, तिच्या टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. खोलीत कोपऱ्यात मोरी, डोक्यावर पोटमाळा. पाणी येतं त्या वेळेवर घराचं सगळं घड्याळ लावलेलं. एखाद्या आजींचं दार सकाळी उघडलं नाही तर शेजारीण कडी वाजवते; ही सोय कुठल्याही संकुलाच्या माहितीपत्रकात सापडायची नाही. पण त्याच गॅलरीत नव्या सुनेला फोनवर माहेरी चार शब्द मोकळेपणाने बोलता येत नाहीत. चाळीवर गहिवरून लिहिणारे बरेच जण आता बोरिवली-डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये राहतात, हेही ध्यानात ठेवलेलं बरं.

या घरांची दुरवस्था आणि त्यांतल्या माणसांचं टिकून राहणं, दोन्हींचं मूळ एकच: भाडं. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठली. म्हणून तर कारकून, मास्तर, छापखान्यातले कामगार शहराच्या ऐन मध्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहू शकले. पुढे १९९९चा कायदा आला. त्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. पण मुळातली रक्कमच किरकोळ, तिच्या चार टक्क्यांत गिलावाही होत नाही. मालकाने तर दुरुस्तीतून कधीच अंग काढून घेतलं होतं. १९६९च्या कायद्याने रहिवाशांकडून उपकर घेऊन दुरुस्ती मंडळ उभं केलं, तेव्हा मुंबई शहरात अशा उपकराच्या इमारती १९ हजारांहून अधिक होत्या. मंडळ टेकू लावतं आणि पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी काढते. यादीत नाव आलं तरी लोक हलत नाहीत. संक्रमण शिबिरात गेलेल्यांचं उभं आयुष्य तिथेच सरल्याचं त्यांनी पाहिलेलं असतं. न हलण्याची किंमत काय, ते शेजारच्या भेंडीबाजाराने दाखवलं: ३१ ऑगस्ट २०१७ला तिथली हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसं गेली.

पुनर्विकासात भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचं घर मालकीचं मिळतं. घरात संडास आणि बाहेर लिफ्ट. जिन्याने गुडघे झिजलेल्यांना याचं मोल सांगावं लागत नाही. मात्र नव्या टॉवरचे खालचे मजले मोटारींना जातात. जिथे वाणी, शिंपी, पोळीभाजीवाली बसायची तिथे गेट आणि वॉचमन येतो. शिवाय देखभालीचं मासिक बिल. जुनं भाडं त्यापुढे चिल्लर वाटतं. निवृत्त माणूस मग हिशेब मांडतो आणि फ्लॅट विकून उपनगर गाठतो. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१मध्ये ३३.३८ लाख होती, २०११मध्ये ३०.८५ लाख झाली. गिरगावातल्याच खोताच्या वाडीत एकेकाळी ६५ जुनी घरं होती, आज ती तिशीच्या आत आली आहेत.

उत्सवांचं आणखी निराळं. केशवजी नाईक चाळीतला गणपती १८९३पासूनचा; पाडव्याची शोभायात्रा पाहायला तर विरार-कल्याणहून माणसं येतात. पाहुण्यांना मौज वाटते. विसर्जनाच्या दिवशी ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याला मात्र रुग्णवाहिका कुठून आणायची ही काळजी असते.

तेव्हा गिरगाव राहायला चांगलं आहे, पण सगळ्यांना सारखं नाही. वडिलोपार्जित भाडेपावती, धडधाकट पाय आणि बाहेर रमणारा स्वभाव असलेल्याला मुंबईत याहून बरी जागा मिळणं कठीण. तान्हं मूल आणि अंथरुणाला खिळलेले सासरे घेऊन तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला कोणी हे ऐकवू नये. नव्याने पागडीची खोली, म्हणजे एकरकमी पैसे मोजून भाडेकरूचा हक्क, घेऊ पाहणाऱ्याने समुद्राच्या वाऱ्याला भुलण्याआधी पावती कोणाच्या नावावर आहे, ती बदलताना मालक किती वाटा मागतो आणि बिल्डरचा करार कुठे अडकला आहे, हे विचारावं. खोली पाहायला जायचं ते जुलैमध्ये, भर पावसात, म्हणजे छत कुठे गळतं ते कोणाला विचारावं लागत नाही.