थट्टेला उत्तर कोणते?

माळेगाव बुद्रुकसारख्या गावात थट्टा ही फुकटची करमणूक असते. एसटीच्या थांब्यावर, चहाच्या टपरीवर, साखर कारखान्याच्या वाटेवर कोणी कोणाला सोडीत नाही. परंतु ज्याच्या धर्माची माणसे आसपास मूठभर, त्याच्या श्रद्धेची थट्टा निराळीच लागते. एखाद्या ख्रिस्ती तरुणाला चारचौघांत कोणी विचारले, "काय रे, तुझ्या आजाने धान्याच्या पोत्यासाठी देव बदलला ना?" आणि सगळे हसले, तर त्याने काय करावे? हात उगारावा, की मान खाली घालावी?

वाचकहो, उत्तरासाठी फार दूर जायला नको. शेजारच्या दौंड तालुक्यात केडगाव आहे आणि तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले, त्याच रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. बाई त्याच, विद्या तीच. पण गौरवाच्या जागी कुचेष्टा आली. 'रेव्हरंड' ह्या पदवीला विधवेची शिवी जोडून 'रेव्हरंडा' अशी कोटी झाली.

पण त्याच वेळी त्यांना एक गंभीर प्रश्नही विचारला जात होता. त्यांच्या शारदा सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील, असे आश्वासन होते. ते पाळले जाते काय? रमाबाईंचे म्हणणे असे, की मी कोणाला प्रार्थनेला बोलावीत नाही, पण माझे दारही लावून घेणार नाही. हे सर्वांना पटले नाही. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. कोटी ती कोटी. हा प्रश्न मात्र रास्त होता. म्हणून पहिली गोष्ट ही, की हसण्यातून प्रश्न निवडून घ्यावा. प्रश्नाला शांतपणे उत्तर द्यावे, कोटीला देऊ नये.

दुसरा टोमणा 'परक्यांचा धर्म' हा. रमाबाईंनी इंग्लंडातल्या धर्मभगिनींशीही वाद घातला. त्या शाकाहारीच राहिल्या. क्रुसावर लॅटिन कशाला, संस्कृत का नको, असे त्यांनी विचारले. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड ना. वा. टिळक अभंग रचू लागले. त्यांची पदे मराठी मंडळींच्या उपासनेत आजही म्हटली जातात. जो आपल्या मातीतल्या शब्दांत प्रार्थना करतो, त्याला परका म्हणणाऱ्याची जीभ आपोआप अडखळते.

आता ते धान्याचे पोते. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून जगविल्या, त्यांना हातात काम दिले. भुकेल्याने भाकरी घेतली म्हणून त्याची श्रद्धा खोटी ठरत नाही. तसेच, भाकरी देणाऱ्याने तिच्या बदल्यात श्रद्धा मागू नये. ही दोन्ही वाक्ये जो म्हणू शकतो, त्याला ह्या टोमण्याची भीती उरत नाही. रमाबाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. 'रेव्हरंडा' म्हणणाऱ्यांना ह्याहून मोठे उत्तर कोणते?

आणखी एक उपाय लक्ष्मीबाई टिळकांचा. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या दुःखाने खचल्या. पुढे जातीभेद देवाचा नव्हे, हे त्यांचे त्यांनाच उमगले आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचा. स्वतःची फजिती त्या अशा हसत सांगतात, की दुसऱ्याने हसायला काही शिल्लकच राहात नाही.

मात्र मर्यादाही सांगितली पाहिजे. कोणी पाणी तोडले, वाट अडवली, अंगावर हात टाकला, तर ती थट्टा नव्हे. तेथे घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाचा आधार आहे आणि कायद्याचे दार ठोठावण्यात भ्याडपणा नाही. एरवी, ज्याने आपली श्रद्धा विचार करून धरली आहे, त्याने ती दुसऱ्याच्या हसण्यावर ठेवू नये.

आणि टपरीवर हसणाऱ्या चौघांतले आपण एक असलो, तर एवढेच करावे: आपण हसू नये. तिघांचे हसू लवकर थकते.