सरसात चिकटलेला पुमुकल

पश्चिम जर्मनीच्या एआरडी वाहिनीवर सप्टेंबर १९८२ मध्ये मुलांसाठी एक मालिका सुरू झाली. नाव होते ‘माइस्टर एडर उंड झाइन पुमुकल’, म्हणजे एडर मिस्त्री आणि त्यांचा पुमुकल. म्युनिक शहरातल्या एका मागच्या अंगणात एका प्रौढ, एकट्या सुताराचा कारखाना आहे आणि त्या कारखान्यात वीतभर उंचीचे एक भूत राहते, एवढीच तिची मांडणी. सुतार, त्याची गिऱ्हाइके, कामवाली बाई, शेजारीपाजारी ही सगळी हाडामांसाची माणसे, तर पुमुकल तेवढा हाताने रेखाटलेला. लाल विस्कटलेले केस, पिवळा सदरा, हिरवी विजार आणि अनवाणी पाय. १९८२-८३ मध्ये २६ आणि १९८८-८९ मध्ये २६, असे एकूण ५२ भाग झाले. जर्मन भाषकांच्या दोन-तीन पिढ्या ते पुन्हा पुन्हा पाहत मोठ्या झाल्या.

पुमुकलचा जन्म मात्र पडद्यावर झालेला नाही. लेखिका एलिस काउट यांनी तो बव्हेरियाच्या आकाशवाणीसाठी लिहिला आणि १९६२ मध्ये तो प्रथम श्रोत्यांच्या कानावर पडला. नावाची हकीकत काउट यांनीच सांगितलेली आहे. हिवाळ्यात नवऱ्याबरोबर फिरायला गेल्या असताना त्यांनी त्याच्या अंगावर बर्फ पाडला. तो वैतागून त्यांना ‘पुमुकल’ म्हणाला. शब्दाला अर्थ काहीच नव्हता, पण तो लेखिकेच्या मनात राहिला. पुढे नभोनाट्ये गाजली, १९६५ पासून पुस्तके निघू लागली, मग ध्वनिमुद्रिका आल्या. या काळात पुमुकलला चेहऱ्याआधी आवाज मिळाला होता. तो आवाज म्युनिकच्या रंगभूमीवरचे नट हान्स क्लारिन यांचा. चिरका, घोगरा, मध्येच फुटणारा, हट्टाला पेटलेल्या पोराचा. मोठ्या माणसाने लहान मुलाची नक्कल केली की ती बहुधा लाडिक होते. क्लारिन यांचा पुमुकल लाडिक अजिबात नाही. तो भांडतो, कांगावा करतो, रुसतो आणि बघता बघता सगळे विसरून गाणे म्हणू लागतो.

काउट यांनी या भुताला एक नियम घालून दिला. जर्मन लोककथांमध्ये घरात राहून खोड्या काढणाऱ्या भुतांना कोबोल्ड म्हणतात आणि जहाजावरच्या अशाच भुतांना क्लाबाउटर. पुमुकल स्वतःला क्लाबाउटरांच्या खानदानातला समजतो आणि त्याचा त्याला मोठा अभिमान आहे. एरवी तो कोणालाही दिसत नाही. पण माणसाच्या वस्तूला चिकटून किंवा अडकून बसला, तर त्या माणसाला तो दिसतो आणि मग पुमुकलला कायमचे त्या माणसापाशीच राहावे लागते. त्या एका माणसापुढे तो दृश्य, बाकी जगापुढे अदृश्य. एडर मिस्त्रींच्या कारखान्यात परका माणूस पाऊल टाकतो न टाकतो तोच पुमुकल नाहीसा होतो.

पहिल्या भागात हा नियम मुलांना एकाच प्रसंगातून कळतो. कारखान्यात काहीतरी बिनसले आहे. हाताशी ठेवलेली वस्तू जागेवर सापडत नाही, मिस्त्री चिडतात, स्वतःशी पुटपुटतात, आपलेच वय झाले की काय म्हणून चक्रावतात. एवढ्यात सरसाच्या भांड्याजवळ कोणीतरी ओरडू लागते. लाकूड जोडायच्या सरसात पुमुकल चिकटलेला असतो. मिस्त्री आधी डोळ्यांवर विश्वास ठेवत नाहीत, मग त्याला सोडवतात आणि पुढे हळूहळू त्याच्यासाठी लहानसा बिछानाही करतात. यात कुठे जादूची कांडी नाही, राजवाडा नाही की दुसऱ्या जगात उघडणारे दारही नाही. सुताराच्या रोजच्या वापरातला चिकट सरस अद्भुताला जमिनीवर खिळवून ठेवतो.

हा नियम लिहिला गेला तेव्हा दूरचित्रवाणीचा विचार नव्हता. आकाशवाणीवर तर दिसणे आणि न दिसणे सारखेच. पण वीस वर्षांनी म्युनिकची इन्फाफिल्म ही संस्था आणि दिग्दर्शक उलरिश क्योनिग यांनी तीच गोष्ट पडद्यावर आणायची ठरवली, तेव्हा त्या नियमाने मालिकेचे मोठे काम केले. ते समजण्यासाठी आधी खऱ्या चित्रणात रेखाटलेले पात्र कसे बसवतात ते पाहावे लागते.

संगणक येण्यापूर्वीची ही रीत कमालीची किचकट होती. आधी नटाचे चित्रण करायचे, तेही रिकाम्या जागेशी बोलताना. नंतर त्या फिल्मची एकेक चौकट मोठी करून कागदावर उतरवायची, म्हणजे टेबलाची कड कुठे आहे, नटाची नजर कुठे लागली आहे, हात किती उंच उचलला आहे हे चित्रकाराला कळते. त्यावरून मापे घेऊन पात्राच्या हालचाली रेखाटायच्या, त्या पारदर्शक सेल्युलॉइडवर उतरवून रंगवायच्या आणि शेवटी खरे चित्रण व रंगवलेली आकृती एकाच फिल्मवर जुळवायची. आकृतीच्या मागून टेबल आरपार दिसू नये म्हणून तेवढ्याच आकाराची काळी छाया प्रत्येक चौकटीत वेगळी तयार करावी लागे. युरोपातल्या दूरचित्रवाणीवर सेकंदाला २५ चौकटी जातात. प्रत्येक चित्र दोन चौकटी टिकवले तरी सेकंदाला बारा-तेरा चित्रे लागतात. एका भागात पात्र दहा मिनिटे पडद्यावर हलत राहिले, तर हिशेब सात हजारांच्या वर जातो. पुमुकलची चित्रे बुडापेस्टच्या पॅनोनिया स्टुडिओत तयार झाली. अशा कामात हंगेरीच्या चित्रकारांचा हात बसलेला होता.

पुमुकल परक्यांपुढे अदृश्य असतो याचा फायदा इथे दिसतो. तो दिसतो ते प्रसंग बहुतेक दोघांचेच असतात: एक सुतार, एक टेबल, जागेवर थांबलेला कॅमेरा. चित्रकाराला जुळवायला सर्वांत सोपी अशीच ही मांडणी. माणसांची गर्दी झाली, धावपळ सुरू झाली की पुमुकल नियमानेच गायब होतो आणि तिथे एकही चित्र काढावे लागत नाही. पेन्सिल आपोआप उठून उभी राहते, पाहुण्याची टोपी सरकते, कपाटाचे दार उघडते. हे सगळे बारीक दोऱ्यांनी ओढून साधलेले. खर्च वाचला हे खरेच, पण विनोदही याच प्रसंगांत अधिक खुलतो. पाहुणे समोर बसलेले, खोडी कोणी केली हे मिस्त्रींना पक्के ठाऊक आणि बोलायची सोय नाही. बोलले तर म्हातारा भिंतीशी बोलतो असे लोक म्हणणार. बिअरच्या टेबलावर मित्रांना त्यांनी आपल्या घरच्या भुताबद्दल सांगूनही पाहिले, पण मित्र हसले. मुले मात्र खरे काय ते जाणतात. सगळ्या मोठ्यांना न दिसणारी गोष्ट आपल्याला दिसते आहे, हा मान एरवी पाच-सहा वर्षांच्या प्रेक्षकाच्या वाट्याला कुठे येतो?

माणूस आणि चित्र एकत्र आणण्याची कल्पना तशी जुनी. वॉल्ट डिस्नी यांनी १९२० च्या दशकात खऱ्या मुलीला चित्रांच्या जगात सोडून ‘अ‍ॅलिस’चे मूकपट काढले होते. दूरचित्रवाणीवर हॅना-बार्बेरा कंपनीने १९६८ मध्ये ‘द न्यू अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ हकलबेरी फिन’ ही मालिका आणली. तिच्यात हक, टॉम आणि बेकी ही तीन मुले खरी आणि भोवतालचा सगळा मुलूख रंगवलेला होता. ती २० भागांत आटोपली. तिथे सारे जगच चित्रातले असल्यामुळे काहीही घडू शकत होते आणि घडले तरी कोणाला त्याचे नवल वाटत नव्हते. पुमुकलमध्ये याच्या उलट आहे. तिथले जग खरे आहे, रंध्याखाली लाकडाचे छिलपे पडतात, अंगणात हिवाळा येतो, गिऱ्हाईक पैशांवरून घासाघीस करते. त्यात एकच गोष्ट जगावेगळी असल्याने तिचा ठसा उमटतो.

एवढे सगळे करूनही तो खरा वाटण्याचे मोठे श्रेय नटाला द्यावे लागते. ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू रामदास पाध्ये यांच्या हातात बाहुला म्हणून प्रत्यक्ष होता. लक्ष्मीकांत बेर्डे यांना त्याच्याकडे बघता येत होते, त्याला धरता येत होते. एडर मिस्त्रींची भूमिका करणाऱ्या गुस्टल बायरहामर यांच्यापुढे चित्रीकरणाच्या वेळी नुसता टेबलाचा कोपराच होता. तिथे रागवायचे, तिथेच विरघळायचे, कोणी बाहीला लोंबकळते आहे असे समजून हात किंचित जड करायचा, नजर एक वीतही चुकू द्यायची नाही. बायरहामर जन्माने म्युनिककर, आवाज घसघशीत, बोलणे बव्हेरियन वळणाचे. पुमुकलवर ओरडून झाले की ते क्षणभर थांबतात, मिशीआड हसू दाबतात आणि कामाला लागतात. अशा थांबण्यातूनच समोर कोणीतरी आहे याची प्रेक्षकाला खात्री पटते.

दोष शोधायला गेल्यास भरपूर सापडतात. काही ठिकाणी दोरा दिसतो. पुमुकलच्या अंगावर खोलीतला उजेड पडत नाही. सकाळ असो की दिव्याचा प्रकाश, त्याचा पिवळा सदरा तेवढाच पिवळा राहतो. त्याने उचललेली वस्तू एका चौकटीत खरी तर पुढच्या चौकटीत रंगवलेली असते. दुसऱ्या टप्प्याच्या सुमारास, १९८८ मध्ये, अमेरिकेत ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ प्रदर्शित झाला. त्यात फिरता कॅमेरा आणि चित्रांवरच्या सावल्या यांनी या कलेची मोजमापेच बदलली. त्या मापाने पुमुकल साधासुधा ठरतो. तरी भुताच्या अंगावर सावली पडत नाही ही तक्रार कोणी कशी करावी?

पुमुकल स्वभावाने मुलासारखा असला तरी आदर्श मूल नाही. चकचकीत वस्तू दिसली की तो ती लपवतो. मांजराला भितो आणि ते कबूल करत नाही. यमक जुळले की विधान आपोआप बरोबर ठरते अशी त्याची पक्की समजूत असल्याने वाद हरू लागला की तो पद्यात शिरतो. चोरी म्हणजे काय, खोटे का बोलू नये, पाहुण्यांपुढे मनातले का बोलू नये, हे एडर मिस्त्रींना त्याला समजावून सांगावे लागते आणि सांगता सांगता माणसांच्या रीतीभातीतली विसंगती त्यांच्याच ध्यानात येते. अनेक भागांच्या शेवटी चूक मिस्त्रींच्याही पदरात पडते. उपदेश टाळण्याची ही युक्ती सुज्ञ आहे. कामवाल्या बाईंच्या भूमिकेतल्या एर्नी झिंगर्ल यांच्यासारखे बव्हेरियातले नावाजलेले नट लहान-लहान भूमिकांत येऊन गेल्यामुळे आईवडीलही मुलांबरोबर बसून मालिका पाहत.

कारखान्याचे चित्रण म्युनिकच्या लेहेल भागातल्या एका जुन्या मागच्या इमारतीत झाले. ती इमारत पुढे पाडली गेली. मोठ्या इमारतींच्या पाठीमागे लहान कारागिरांचे कारखाने असण्याची रीतही त्या शहरातून ओसरत गेली. त्यामुळे आज ही मालिका पाहणाऱ्या जर्मन माणसाला तिच्यात जुने म्युनिकही भेटते.

पुमुकलच्या रूपावरून मात्र खरीखुरी कोर्टबाजी झाली. आकाशवाणीवर आल्यानंतर त्याचा चेहरा ठरवायची वेळ आली, तेव्हा बार्बरा फॉन जॉन्सन या तरुण कलाविद्यार्थिनीचे चित्र निवडले गेले होते. पुढे पात्र प्रचंड लोकप्रिय झाले आणि चित्रकर्तीचे नाव व हक्क यांवरून तिच्यात आणि लेखिकेत बेबनाव झाला. २००७ मध्ये तर वेगळाच तंटा उभा राहिला. चित्रकर्तीने पुमुकलसाठी मैत्रीण रेखाटण्याच्या मुलांच्या स्पर्धेला साथ दिली. भुताला मैत्रीण नसते, असे लेखिकेचे म्हणणे होते. प्रकरण न्यायालयात गेले आणि कौल चित्रकर्तीच्या बाजूने लागला. गंमत बाजूला ठेवली तर प्रश्न गंभीर होता: शब्दांतून जन्मलेल्या आणि रेषांतून ओळखल्या जाणाऱ्या पात्रावर शेवटचा शब्द कोणाचा?

बायरहामर १९९३ मध्ये वारले. तेव्हा ‘पुमुकल उंड डेर ब्लाउअ क्लाबाउटर’ या चित्रपटातले त्यांचे चित्रण झालेले होते, पण आवाज भरायचा राहिला होता. तो दुसऱ्या नटाने दिला आणि चित्रपट १९९४ मध्ये आला. त्यानंतर पुमुकलला १९९९ च्या मालिकेत दुसऱ्या माणसापाशी नेऊन पाहिले गेले. २००३ च्या सर्कशीच्या चित्रपटात खुद्द हान्स क्लारिन एडर मिस्त्रींच्या चुलतभावाच्या भूमिकेत पडद्यावर आले आणि पुमुकलचा आवाज दुसऱ्याचा होता. जुन्या मालिकेची पकड या दोन्हींना आली नाही. कारखाना आणि त्यातला सरस सुटला की पुमुकल कुठल्याही खोडकर चित्रपात्रासारखा होऊन जातो. क्लारिन २००५ मध्ये गेले, एलिस काउट २०१५ मध्ये.

२०२३ मध्ये आरटीएल-प्लसवर ‘नॉयए गेशिश्टन फॉम पुमुकल’, म्हणजे पुमुकलच्या नव्या गोष्टी, सुरू झाल्या. दिग्दर्शक मार्कुस रोझेनम्युलर हे बव्हेरियाचेच. एडर मिस्त्रींच्या मृत्यूनंतर त्यांचा पुतण्या फ्लोरियान जुन्या कारखान्यात येतो आणि तिथे पुमुकल अजून आहे असे त्याला आढळते. फ्लोरियानची भूमिका फ्लोरियान ब्र्युकनर यांची. पुमुकल याही वेळी सपाट, रेखाटलेलाच ठेवला, संगणकाने गोलाई दिलेली बाहुली त्याची केली नाही, हा निर्णय योग्य होता. अडचण आवाजाची होती. विनोदी नट माक्सिमिलियान शाफ्रोट यांनी सगळे संवाद म्हटले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने त्या आवाजाला क्लारिन यांच्या जुन्या आवाजाची जात दिली. दिवंगत नटाचा आवाज असा वापरावा का, यावर जर्मनीत चर्चा झाली. निर्मात्यांनी शाफ्रोट यांच्या मूळ आवाजातली आवृत्तीही उपलब्ध करून दिली. दोहोंपैकी कोणता पुमुकल ऐकायचा ते प्रेक्षकाने ठरवायचे.