काटा कुणाचा, पावती कुणाची?

जूनच्या सुरुवातीला संध्याकाळी अंबरनाथ पूर्वेला उतरलात की स्टेशनबाहेर टोपल्या मांडून बसलेल्या बाया दिसतात. जांभळं, करवंदं, पहिला पाऊस झाला की शेवळं, मग टाकळा. वाटा दहाचा की वीसचा, हे बाई आणि गिऱ्हाईक दोघांत ठरतं. मध्ये ना अडत्या, ना सरकारी माणूस. हे दाखवून एक शिकलेले शेतकरी मला म्हणाले, "साहेब, हा खरा खुला बाजार. सरकारने अंग काढून घेतलं की सगळीकडे असंच चालेल."

बोलणं खोटं नाही, अपुरं आहे. तिथं वाटा डोळ्यांसमोर असतो, पैसे रोख मिळतात, माल लगेच पिशवीत जातो. वजन नाही, उधारी नाही, मग फसायला जागा ती किती? पण माल टेम्पोत चढला आणि पैसे "परवा देतो" झाले, की व्यवहाराची जात बदलते.

मलंगगडाच्या पायथ्याच्या एका गावात हे मी जवळून पाहिलं. एका शेतकऱ्याने भेंडी बांधावरच दिली. भाडं वाचलं, हमाली वाचली, भावही किलोमागे दोन रुपये जास्त. व्यापारी पहिले चार खेप रोख पैसे देऊन गेला, पुढच्या सहा खेपांना कच्ची चिठ्ठी. त्यानंतर फोन बंद. अठरा हजार रुपये अडकले. चिठ्ठीवर सही नाही, गावाचं नाव नाही, वजनही टेम्पोवाल्याच्या काट्यावरचं. त्याच्याबरोबर मी दोन ठिकाणी गेलो. एकीकडे म्हणाले, आवाराबाहेरचा व्यवहार, आमच्याकडे येत नाही. दुसरीकडे म्हणाले, ही देण्याघेण्याची बाब आहे, कोर्टात जा. अठरा हजारांसाठी वकील कोण लावणार?

राज्य सरकारने जुलै 2016 मध्ये फळं-भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त केला. निर्णय वाईट होता असं मी म्हणणार नाही. तोवर अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची, ती खरेदीदारावर टाकली गेली, आणि माल कुठंही विकायची मोकळीक मिळाली. पण आवाराबाहेर पडताना परवाना, पावती आणि तक्रारीचं दारही मागे राहिलं, ते कुणी फारसं सांगितलं नाही.

बाजाराचे नियम आले कुठून, तेही पाहा. कापसाच्या पेठांत पूर्वी हत्ता पद्धत होती. रुमालाखाली दलाल आणि व्यापारी एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. ज्याचा माल, तो बाजूला उभा. वजनात कडता, वर नमुना म्हणून ओंजळ-ओंजळ माल जायचा तो वेगळाच. वऱ्हाडात कारंजा इथं 1886 मध्ये नियमनाखालचा कापूस बाजार सुरू झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कायदा आला. (त्यातही इंग्रजाला मँचेस्टरच्या गिरण्यांची काळजी जास्त होती, आपली कमी.) आपल्या राज्याचा बाजार समिती कायदा 1963 चा. उघडा लिलाव, तपासलेला काटा, परवाना असलेला खरेदीदार आणि वेळेत पैसे, हे त्याचं मूळ.

पुढं त्या समित्यांतच मोजक्या परवानेदारांची मक्तेदारी झाली. नवा खरेदीदार आत येईना आणि लिलाव नावापुरता राहिला. हे तुम्हाला मी सांगायला नको. शरद जोशींनी 1980 मध्ये चाकणच्या कांदा आंदोलनापासून जो मुद्दा लावून धरला, तोही विसरता येत नाही. भाव चढला की सरकार आडवं येतं. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे 2024 मध्ये उठली. ऐन काढणीतला माल घरात, आणि दिल्लीतल्या एका कागदाने भाव खाली. 1973 मध्ये तर सरकारने गव्हाचा घाऊक व्यापारच हाती घेतला आणि वर्षभरात सोडून दिला.

म्हणून माझ्या मते दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. भाव काय असावा यात सरकारने हात घालणं एक, आणि काटा खरा आहे का, पैसे बुडवणाऱ्याला कुणी पकडतं का हे बघणं दुसरं. पहिलं कमी झालं तरी चालेल. दुसरं गेलं तर उरतो तो बाजार दांडग्याचा.

2020 च्या केंद्रीय कायद्याचंच घ्या. पॅनकार्ड असलेल्या कुणालाही खरेदीची मुभा देणारा, खुल्या बाजारासाठीच केलेला तो कायदा. तरी त्यात जास्तीत जास्त तीन दिवसांत पैसे देण्याची अट घालावीच लागली. धुळे जिल्ह्यातल्या एका मका उत्पादकाचे पैसे व्यापाऱ्याने थकवले, तेव्हा त्याने याच अटीवर बोट ठेवून प्रांताकडे तक्रार केली आणि पैसे निघाले. 2021 च्या अखेरीस ते कायदे रद्द झाले, म्हणजे ती अटही गेली.

आपल्या बदलापूरच्या जांभळाचंही तेच. त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हा सरकारी नियमच, आणि तो आपल्या बाजूचा आहे. उद्या कुणी कुठलंही जांभूळ बदलापूरचं म्हणून विकू लागला तर त्याला अडवता येतं. मात्र त्यासाठी उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं.

ज्यांना बांधावर विकायचं त्यांनी खुशाल विकावं. फक्त काट्यावर वैधमापनचा चालू वर्षाचा शिक्का आहे का ते पाहा. टेम्पोचा नंबर आणि व्यापाऱ्याचं आधार किंवा पॅन लिहून घ्या, आणि चिठ्ठीवर तारीख, वजन, दर, सही या चार गोष्टी हव्यातच. दुसरी खेप पहिलीचे पैसे आल्यावर. चार-पाच जणांनी मिळून माल दिलात तर व्यापारीही बिचकून वागतो. ग्रामसेवक आणि तलाठी मंडळींना विनंती की बाहेरून खरेदीला येणाऱ्यांची एक वही ग्रामपंचायतीत ठेवावी. कायद्याने सक्ती नाही, पण दीडशे पानी वहीला खर्च तो किती.

त्या शेतकऱ्याचे अठरा हजार अजून आलेले नाहीत. यंदा तो भेंडी पुन्हा कल्याणच्या आवारात नेतो आहे. भाडं, हमाली जाऊन हातात कमी पडतं, पण पट्टी मिळते.