सोनचाफा आणि देवचाफा : एक नाम, दोन वृक्ष

मराठीत ‘चाफा’ हा शब्द एका झाडाचे नाव नसून एका कुटुंबनामासारखा वापरला जातो. सोनचाफा, देवचाफा, कवठी चाफा, हिरवा चाफा, नागचाफा, भुईचाफा अशी त्याची अनेक रूपे रूढ आहेत. परंतु हे कुटुंब केवळ भाषेतले आहे. हिरवा चाफा ही सीताफळाच्या कुलातील वेलीसारखी पसरणारी वनस्पती होय. भुईचाफा हा हळदीच्या कुलातील कंद होय. नागचाफा हा कठीण लाकडाचा अरण्यवृक्ष होय. या सर्वांत घराच्या अंगणात व देवळाच्या आवारात सर्वाधिक आढळणारे चाफे दोन : सोनचाफा आणि देवचाफा. दोघांचे नाव एक असल्यामुळे दोघांची निगाही एकच असावी, असा समज सहज होतो. या समजापायी पुष्कळ झाडे दगावतात. म्हणून या नामसाम्याचा उगम कशात आहे आणि त्याची मर्यादा कोठे संपते, हे पाहणे भाषेच्या अभ्यासकाइतकेच बागेची हौस असणाऱ्यालाही उपयोगी आहे.

नावावरील मूळ हक्क सोनचाफ्याचा. संस्कृत ‘चंपक’, प्राकृत ‘चंपय’ आणि मराठी ‘चांपा’, ‘चांफा’, ‘चाफा’ अशी या शब्दाची वाटचाल आहे. सोनचाफा हा भारताच्या ईशान्य भागापासून सह्याद्रीपर्यंत व पूर्वेकडे आग्नेय आशियापर्यंत रानात वाढणारा सदाहरित वृक्ष. १६७८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात त्याची नोंद ‘चंपकम्’ या नावाने झाली, आणि १७५३ साली लिनीअसने त्याला शास्त्रीय नाव देताना ‘चंपाका’ हाच शब्द स्वीकारला. पूर्वी या वृक्षाची गणना ‘मिचेलिया’ प्रजातीत होत असे. आज तो ‘मॅग्नोलिया चंपाका’ या नावाने ओळखला जातो. प्रजातीचे नाव बदलले, तरी त्यातील ‘चंपक’ मात्र टिकून राहिला.

देवचाफा याउलट परदेशी आहे. त्याचे मूळ स्थान मेक्सिको, मध्य अमेरिका व कॅरिबियन बेटे हे होय. शार्ल प्लुमिए (१६४६–१७०४) या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून त्याच्या प्रजातीस ‘प्लुमेरिया’ म्हणतात. युरोपियनांनी अमेरिका खंड गाठल्यानंतरच हे झाड आशियात पोहोचू शकले, हे उघड आहे. येथे आल्यावर त्याला नाव हवे होते. नव्या वस्तूला परिचित वस्तूचे नाव देऊन त्यामागे भेददर्शक पद जोडणे, ही मराठीची नेहमीची रीत. फुलाचा सुगंध आणि पाकळ्यांच्या तळाशी असणारी पिवळसर छटा पाहून मराठी माणसाने त्याला ‘चाफा’ म्हटले, व देवळांच्या आवारातील त्याच्या वावरामुळे मागे ‘देव’ हे पद लागले. काही ठिकाणी त्यालाच खुरचाफा किंवा पांढरा चाफा असेही म्हणतात.

हे एकमेव शक्य असलेले नामकरण होते, असे मात्र नव्हे. शेजारच्या कन्नड भाषेत कण्हेरीला ‘कणगिले’ म्हणतात आणि देवचाफ्याला ‘देवकणगिले’. ‘देव’ हे पद दोन्ही भाषांत समान. परंतु कन्नड भाषिकांनी नवागताची सोयरीक चंपकाशी न लावता कण्हेरीशी लावली. बंगालीत त्याला ‘काठगोलाप’, म्हणजे लाकडी गुलाब, म्हणतात. इंडोनेशियात चंपकासाठी ‘चेम्पाका’ आणि देवचाफ्यासाठी ‘कंबोजा’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. लाओस देशात मात्र मराठीसारखेच घडले : तेथील राष्ट्रीय पुष्प ‘दोक चंपा’ हे चंपक नसून प्लुमेरिया आहे.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पाहता कन्नड नाव सत्याच्या अधिक जवळ जाते. देवचाफा आणि कण्हेर ही खरोखरच एकाच कुलातील झाडे आहेत. दोघांच्या पाकळ्या पाच, कळीत पिळलेल्या, आणि फांदी मोडली असता दोहोंतून चीक वाहतो. मराठी नाव सुगंधावरून पडले, कन्नड नाव झाडाच्या ठेवणीशी जुळले. नाव हे असे नामकर्त्याच्या नजरेची नोंद असते. जे त्याने पाहिले ते नावात येते, जे पाहिले नाही ते बाहेर राहते. मराठी नावाबाहेर जे राहिले, त्यावरच या दोन झाडांची निगा अवलंबून आहे.

पहिला भेद मुळांचा व पाण्याचा. सोनचाफ्याची मुळे मांसल आणि नाजूक असतात. त्यांना ओल सतत हवी; पण साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. नवीन लावलेल्या रोपास पहिले दोन-तीन उन्हाळे नियमित पाणी द्यावे, आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, आणि पावसाळ्यात बुंध्याशी पाणी तुंबू नये म्हणून मातीला किंचित उंची ठेवावी. एकदा जमिनीत स्थिर झालेले रोप उपटून दुसरीकडे लावणे त्याला मानवत नाही. देवचाफा ही कोरड्या ऋतूची सवय असलेली वनस्पती आहे. ती आपल्या जाड, गुबगुबीत फांद्यांत पाणी साठवून ठेवते. तिला दोन पाण्यांच्या मध्ये माती पूर्ण वाळू देणेच हितावह असते.

दुसरा भेद ऋतुचक्राचा आहे, आणि सर्वाधिक घोटाळा येथेच होतो. सोनचाफा बारमाही हिरवा असतो. त्याची पाने एकाएकी मोठ्या प्रमाणावर गळू लागली, तर मुळाशी काही बिघडले आहे असे समजावे. देवचाफा हिवाळ्यात पाने गाळून निष्पर्ण होतो. ती त्याची विश्रांती असते. सोनचाफ्याच्या सवयीने विचार करणारा मनुष्य हे ओके झाड पाहून घाबरतो आणि त्याला रोज पाणी घालू लागतो. पानेच नसल्यामुळे झाड ते पाणी वापरू शकत नाही. मुळे व बुंधा कुजतो, फांदी दाबली असता मऊ लागते, आणि विश्रांती घेणारे झाड उपचारानेच मरते. कुंडीतील झाडाच्या बाबतीत हे विशेष लवकर घडते. पाने झडल्यापासून नवे कोंब दिसेपर्यंत देवचाफ्याचे पाणी जवळजवळ बंद ठेवावे, हा नियम म्हणूनच महत्त्वाचा आहे.

तिसरा भेद जमिनीचा. सोनचाफ्याला खोल, कसदार, किंचित आम्ल आणि निचऱ्याची माती लागते. कोकणातील तांबडी माती त्यामुळेच त्याला मानवते. वसईच्या परिसरातून मुंबईच्या बाजारात येणारी सोनचाफ्याची फुले प्रसिद्धच आहेत. देशावरील चुनखडीयुक्त जमिनीत त्याला लोह शोषून घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तेथे मोठा खड्डा घेऊन त्यात तांबडी माती व कुजलेले शेणखत भरणे श्रेयस्कर. देवचाफा हलक्या, मुरमाड जमिनीतही तग धरतो. चिकण काळ्या मातीतील साचलेला ओलावा मात्र त्याला घातक ठरतो. उन्हाच्या बाबतीतही फरक आहे. सोनचाफ्याच्या लहान रोपाला दुपारच्या उन्हापासून आडोसा हवा, तर देवचाफा सावलीत वाढला तरी फुलत नाही.

चौथा भेद अभिवृद्धीचा. सोनचाफ्याचे बी तेलकट असून त्याची उगवणशक्ती लवकर नष्ट होते. म्हणून वरील तांबडा गर काढून ते ताजेच पेरावे लागते. बियांपासून केलेल्या झाडाला फूल येण्यास अनेक वर्षे लागतात, तर कलमी झाड दोन-तीन वर्षांत फुलते व छाटणीने ठेंगणेही ठेवता येते. कलमाच्या सांध्याखालून फुटणारे कोंब मात्र वेळीच काढले पाहिजेत. देवचाफ्याची पक्व फांदीच नवे झाड होते. पालवी फुटण्यापूर्वी हातभर लांबीची फांदी कापावी, चीक सुकून कापलेली बाजू कोरडी होईपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत ठेवावी, आणि मगच निचऱ्याच्या मातीत लावावी. ओली फांदी लगेच लावून भरपूर पाणी घातल्यास ती कुजते. हा चीक त्वचेला व डोळ्यांना दाहक असल्यामुळे छाटणी करताना काळजी घ्यावी. पावसाळ्यात देवचाफ्याच्या पानांमागे नारिंगी भुकटीसारखा तांबेरा दिसतो. अशी पाने गोळा करून नष्ट करावीत.

नामसाम्याची ही प्रक्रिया अद्याप थांबलेली नाही. पानाचा आकार फणेसारखा असलेली प्लुमेरियाची एक जात अलीकडे शहरी उद्यानांत फार दिसते. रोपवाटिकांत ती ‘नागचंपा’ म्हणून विकली जाते. पण नागचाफा हे नाव आधीच ज्या अरण्यवृक्षाचे आहे, त्याचे वाळलेले पुंकेसर आयुर्वेदात ‘नागकेशर’ म्हणून औषधात वापरतात. एका बाजूस औषधी वृक्ष आणि दुसऱ्या बाजूस दाहक चिकाचे शोभेचे झाड, अशी दोन टोके एकाच नावाखाली आल्यास गोंधळ केवळ शाब्दिक राहत नाही.

लोकभाषेने दिलेली नावे चुकीची ठरवून ती बदलू पाहणे व्यर्थ आहे. देवचाफा हा मराठीत चाफाच राहील. आवश्यक आहे ते एवढेच की, ज्या भेददर्शक पदांनी भाषेने स्वतःच सावधगिरीची खूण ठेवली आहे, ती पदे गाळली जाऊ नयेत. कोशकारांनी प्रत्येक चाफ्याची नोंद स्वतंत्र करून तो सदाहरित की पानगळीचा, चिकाचा की बिनचिकाचा, हे त्यात सांगावे. रोपवाटिकांनी रोपावरील चिठ्ठीवर नुसते ‘चाफा’ न लिहिता पूर्ण नाव लिहावे. आणि रोप नेणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावा तो ‘कोणता चाफा?’ हाच. या प्रश्नाचे उत्तर मिळाले, म्हणजे हिवाळ्यात त्या झाडाला पाणी द्यावयाचे की नाही, हेही कळते.